बंगाली गणसंगीत ऐकायला-गायला सुरुवात करताय? आधी आमच्या चुका वाचून घ्या

चार वर्षांपूर्वी २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिनाचा एक छोटा कार्यक्रम होता आणि आमच्या ग्रुपने ठरवलं की बांगलादेशातलं ते प्रसिद्ध एकुशेचं गाणं म्हणायचं (एकुशे म्हणजे एकवीस, १९५२ च्या २१ फेब्रुवारीला भाषा आंदोलनात गोळीबारात गेलेल्या विद्यार्थ्यांवरचं). यूट्यूबवरून चाल उचलली, ढोलकी घेतली, लय चढवली, शेवटच्या कडव्याला लोकांकडून टाळ्या पण वाजवून घेतल्या. खाली उतरलो तर पहिल्या रांगेतल्या बंगाली काकू चपला काढून मांडीशी धरून बसलेल्या. तीस वर्षं पुण्यात राहिलेल्या, मराठी आमच्याइतकंच. म्हणाल्या, "बाळा, हे गाणं पहाटे अनवाणी म्हणतात, हातात फुलं घेऊन. हे गेलेल्या मुलांचं गाणं आहे, तुम्ही त्याची वरात काढलीत."

त्या दिवशी जो चेहरा पडला तो अजून आठवतो. पण त्याच काकूंनी नंतर आम्हाला बसवून शिकवलं, आणि हळूहळू ध्यानात आलं की आम्ही गाणं उलट्या टोकाने धरत होतो, आधी चाल, मग शब्द, अर्थ जमलाच तर, आणि गाणं कशासाठी झालं हे कधीच नाही. खाली जे लिहिलंय ते ज्यांना बांगला येत नाही पण ही गाणी (गणसंगीत म्हणजे लोकांच्या चळवळीची गाणी) मनापासून ऐकायची किंवा गटात बसवायची आहेत त्यांच्यासाठी. मी काही अभ्यासक वगैरे नाही, रविवारी सात जण जमतो, गातो, एवढंच.

जमवायचं सामान

- एक जाड वही (मोबाईलमधल्या नोट्स नको, प्रत्येक गाण्याला एक अख्खं पान लागतं, पायरी ४ बघा)
- फोनमध्ये बांगला कीबोर्ड. देवनागरीत किंवा रोमन अक्षरात शोधलं तर सिनेमातली नवीन व्हर्जनच वर येतात, बांगला लिपीत टाइप केलं की जुनी रेकॉर्डिंगं सापडायला लागतात
- बरा हेडफोन, कारण जुन्या रेकॉर्डमध्ये कोरसचे शब्द पुसट असतात
- हार्मोनियम असेल तर उत्तम, नाहीतर तानपुऱ्याचं ॲप
- आणि एक बंगाली माणूस. ह्याला पर्याय नाही, खरंच. ऑफिसात, सोसायटीत, पूजेच्या मांडवात, कुठूनही शोधा. गाण्याबद्दल विचारलं की बंगाली माणूस तुम्हाला सहसा नाही म्हणत नाही, उलट थांबवावं लागतं

पायरी १: सगळ्याला एकाच टोपलीत टाकू नका

"बंगाली क्रांतिगीतं" असं शोधाल तर शंभर वर्षांचा काला समोर येतो. ढोबळ वाटणी अशी.

स्वदेशी गान म्हणजे १९०५ च्या वंगभंगाच्या वेळची आणि नंतरची. रवींद्रनाथ आहेतच, पण बरिशालचे मुकुंद दास पण ऐका, जात्रा म्हणजे आपल्या तमाशासारखा गावोगाव फिरणारा खेळ घेऊन ते लोकांना पेटवत हिंडायचे आणि ब्रिटिशांनी त्यांना तुरुंगात घातलं होतं. मग बंडखोर कवी काझी नजरुल इस्लाम. मग १९४० नंतरचं गणसंगीत, म्हणजे इप्टा (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, डाव्या विचारांच्या कलावंतांची संघटना), शेतकरी, कामगार, दुष्काळ, संप. सीमेपलीकडे १९५२ च्या भाषा आंदोलनाची गाणी आणि १९७१ च्या मुक्तियुद्धाची गाणी, जी स्वाधीन बांगला बेतार केंद्रावरून (बेतार म्हणजे रेडिओ) वाजायची. आणि १९९२ ला कबीर सुमन (तेव्हाचे सुमन चट्टोपाध्याय) आल्यानंतरची, ज्यांना लोक जीवनमुखी गान म्हणतात, ती शहरातल्या एकट्या माणसाची गिटारवरची गाणी आहेत, मोर्च्यात कोरसने म्हणायला बहुतेक जमत नाहीत. आम्ही एकदा प्रयत्न केला, सात जण सात ठिकाणी.

गणसंगीत हा शब्द उच्चारी "गॉनोशोंगीत". हे आत्ताच सांगते, कारण पुढची पायरी तीच आहे.

पायरी २: उच्चार, आणि इथे आपण मराठी लोक हमखास आपटतो

आपल्याला वाटतं संस्कृत शब्द ओळखीचे आहेत म्हणजे झालं. नाही. लिहिलेलं ओळखीचं असतं, बोललेलं नसतं.

- "अ" बहुतेक वेळा "ऑ" नाहीतर "ओ" होतो
- श, ष, स तिन्ही जवळजवळ "श". सोनार म्हणजे "शोनार". पण जोडाक्षरात त वगैरे आला तर "स" राहतो, रास्ता हा रास्ताच
- "व" नाही, "ब" आहे. विचारपती झाला "बिचारपोती"
- शब्दाच्या सुरुवातीचा "य" झाला "ज"
- क्ष चा "ख" किंवा "क्ख", लक्ष्मीची "लोक्खी"
- ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यापुरतं, म्हणताना लांबी चालीवर ठरते

गाणं देवनागरीत लिहून घेताना बांगला स्पेलिंग जसंच्या तसं उतरवू नका, कानाला येतं तसं लिहा. आमच्या पहिल्या वहीत स्पेलिंगप्रमाणे लिहिलं होतं, त्यामुळे सगळी गाणी संस्कृत स्तोत्रं म्हटल्यासारखी यायची. लिपी शिकायला साधारण दोन आठवडे रोज अर्धा तास पुरतो, देवनागरीची बहीणच आहे ती.

पायरी ३: फसवे शब्द

हे सगळ्यात धोक्याचं, कारण आपल्याला कळलंय असं वाटतं. बांगलात "विचार" म्हणजे न्याय, निवाडा. म्हणून बिचारपती म्हणजे न्यायाधीश, विचारवंत नव्हे (आमच्या निवेदकाने स्टेजवरून "विचारांचा स्वामी" असं सांगितलंय, रेकॉर्डिंग आहे, दाखवणार नाही). "शिक्षा" म्हणजे शिक्षण. "चेष्टा" म्हणजे प्रयत्न. "संवाद" म्हणजे बातमी. "कास्ते" म्हणजे विळा, "मिछिल" म्हणजे मोर्चा.

आणि "फॅन". दुष्काळाच्या गाण्यात, कवितेत, आठवणीत हा शब्द सारखा येतो. फॅन म्हणजे भात शिजल्यावर ओतून टाकतात ते पाणी, पेजेची निवळ. १९४३ साली खेड्यातून कलकत्त्यात आलेली माणसं दारोदार भात मागत नव्हती, "फॅन दाओ" म्हणत होती, तुमचं टाकायचं पाणी तरी द्या. हे कळल्यावर त्या काळातलं कुठलंही गाणं सहज म्हणून लावता येत नाही.

पायरी ४: गाणं निवडलं की आधी त्याची तारीख शोधा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. ही गाणी कुणी निवांत बसून "चला एक क्रांतिगीत लिहू" म्हणून लिहिलेली नाहीत, बरीचशी एखाद्या दिवसासाठी, एखाद्या सभेसाठी, एखाद्या संपासाठी झालीत. तो दिवस सापडला की चाल अशी का, लय अशी का, कोरस तिथेच का, सगळं आपोआप उलगडतं. वहीत प्रत्येक गाण्याला एक पान द्या आणि वर मोठ्या अक्षरात तारीख किंवा निदान साल लिहा.

आमच्या वहीतली तीन पानं सांगते.

सलील चौधरींचं "ढेउ उठछे, कारा टुटछे". लाटा उठतायत, तुरुंग तुटतायत. तारीख २९ जुलै १९४६. पोस्ट-तार कामगारांच्या संपाला पाठिंबा म्हणून त्या दिवशी बंगालमध्ये सार्वत्रिक संप झाला आणि कलकत्ता अक्षरशः थांबलं. गाण्यात जी लाटेवर लाट येते ती त्या गर्दीची आहे. आता त्याच पानावर पुढची तारीख लिहा, १६ ऑगस्ट १९४६. अवघ्या अठरा दिवसांनी त्याच शहरात दंगल सुरू झाली आणि हजारो माणसं मारली गेली. मी हे गाणं आता ऐकते तेव्हा दोन्ही तारखा एकदम ऐकू येतात. काकूंच्या वडिलांनी दोन्ही दिवस पाहिले होते, ते हे गाणं घरात लावू द्यायचे नाहीत म्हणे.

दुसरं, सलीलदांचंच न्यायाधीशाला, म्हणजे वर आलेल्या बिचारपतीला, उद्देशून असलेलं गाणं. १९४५ च्या शेवटी लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला तेव्हाचं. तुझा न्याय करणारी जनता आज जागी झालीय, असा रोख. चाल कीर्तनाच्या अंगाची, म्हणजे गावातल्या माणसाला परकी वाटणार नाही अशी. आपल्याकडे शाहिरांनी पोवाडा घेतला तसंच.

तिसरं, हेमांग बिश्वास यांचं "हबीगंजेर जालाली कोइतोर". हेमांग बिश्वास सिल्हेटच्या हबीगंज भागातले, आणि १९४७ च्या सार्वमतानंतर सिल्हेटचा बहुतेक भाग पाकिस्तानात गेला. जालाली कोइतोर म्हणजे सिल्हेटच्या शाह जलाल दर्ग्यावरची कबुतरं. ते कबूतर उडत उडत कलकत्त्यावर येऊन पंख मोडून पडतं. ह्यात कुठेही घोषणा नाही, मूठ वळलेली नाही, तरी मला हे त्यांचं सगळ्यात कडक निषेधाचं गाणं वाटतं. ग्रुपमधल्या दोघांना हे मान्य नाही, ते म्हणतात हे विरहगीत आहे, चालू दे.

जाता जाता एक गंमत. ह्या गाण्यांत पोस्टखातं सारखं भेटतं. "आमार शोनार बांगला"ची चाल रवींद्रनाथांनी ज्या बाउल (बंगालमधले फिरते लोकगायक) गाण्यावरून घेतली ते गगन हरकरा ह्यांचं, आणि हरकरा म्हणजे टपाल पोचवणारा. सुकांत भट्टाचार्यची "रानार" ही कविता रात्रभर टपालाची थैली घेऊन पळणाऱ्या माणसावर, तिला सलीलदांनी चाल लावली आणि हेमंत मुखोपाध्याय गायले. सुकांत विसाव्या वर्षी क्षयाने गेला, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर होतं. आणि २९ जुलैचा संप परत पोस्टाचाच.

पायरी ५: शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, तीन रकाने

इंटरनेटवर जो गातो त्याचंच नाव गाण्याला चिकटतं. आम्ही काढलेल्या पहिल्या पत्रकात निम्मी नावं चुकली होती. म्हणून त्याच पानावर तीन रकाने आखा.

एकुशेचं गाणं घ्या. शब्द अब्दुल गफ्फार चौधरींचे, १९५२ साली ढाक्यात २१ फेब्रुवारीला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला त्यानंतर कविता म्हणून लिहिलेले. पहिली चाल अब्दुल लतीफ यांची. आज जगभर म्हणतात ती चाल अलताफ महमूद यांची, नंतरची. ह्या अलताफ महमूदना ३० ऑगस्ट १९७१ ला पाकिस्तानी सैन्याने ढाक्यातल्या घरातून उचलून नेलं, ते परत आले नाहीत. म्हणजे रकान्यात नुसतं "पारंपरिक" लिहून मोकळं होणं किती वाईट आहे बघा, आणि आम्ही तेच केलं होतं.

"बिस्तीर्नो दुपारेर" हे बंगाली गाणं म्हणून ऐकाल, पण मूळ असमिया, भूपेन हजारिकांचं, प्रेरणा अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवरच्या गाण्याची, बांगला शब्द शिवदास बंद्योपाध्याय यांचे. नदी बदलली, प्रश्न तोच.

१९७१ च्या वेळचं एका फुलाला वाचवण्यासाठी लढतोय म्हणणारं गाणं, शब्द गोविंद हालदार, आवाज आपेल महमूद. गोविंद हालदार राहायचे पश्चिम बंगालात, गाणं झालं बांगलादेशचं. त्यामुळे "हे भारतातलं की तिकडचं" हा प्रश्न फार ताणू नका, बंगाली माणसासमोर तर नकोच.

खुदीराम बोसच्या फाशीवरचं "एकबार बिदाय दे मा" हे लोकगीतासारखं पसरलेलं गाणं, खुदीराम फाशी गेला ११ ऑगस्ट १९०८ ला, आणि १९६६ च्या सुभाषचंद्र सिनेमात ते गायलंय आपल्या लताबाईंनी. सुरुवात करायला आवाज ओळखीचा हवा असेल तर हे घ्या. तसंच हेमंत मुखोपाध्याय म्हणजे आपले हेमंत कुमारच, "मी डोलकर" मधला आवाज. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना हे कळल्यावर ते दोन मिनिटं गप्पच झाले.

पायरी ६: ऐकायचा क्रम

सालाप्रमाणे ऐकू नका, कंटाळाल. आम्हाला हा क्रम लागू पडला:

आधी "गांयेर बोधू", १९४९, सलील चौधरी-हेमंत. गोष्टच आहे ती, सुखी घरातल्या सुनेची आणि मग दुष्काळाने सगळं गिळल्याची, त्या काळी रेकॉर्डच्या दोन्ही बाजू लागल्या एवढी मोठी. भाषा येत नसली तरी चाल बदलते तिथे पोटात खड्डा पडतो. मग कॅलकटा यूथ क्वायरचा कोरस, रुमा गुहठाकुरता यांनी १९५८ मध्ये उभा केलेला, उच्चार स्वच्छ आहेत. मग देवव्रत बिश्वास आणि सुचित्रा मित्र, दोघंही इप्टातले, मग ज्योतिरिंद्र मैत्र यांचं दुष्काळाच्या काळातलं "नवजीवनेर गान", हे मात्र एका बैठकीत पेलत नाही. मग हेमांग बिश्वास. मग प्रतुल मुखोपाध्याय, जे फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. ते वाद्याशिवाय गायचे, टाळ्या, चुटक्या आणि आवाज. हार्मोनियम नसलेल्यांनी इथूनच सुरुवात केली तरी चालेल.

सगळ्यात शेवटी आजचं. जुलै २०२४ ला ढाक्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा नजरुलच्या गाण्यांबरोबर सेजान आणि हन्नान ह्या पोरांचे रॅप घुमत होते, हन्नानला तर अटक पण झाली. काकूंना रॅप आवडत नाही. शब्द वाचून दाखवले तेव्हा म्हणाल्या, "हं, हे ठीक आहे."

पायरी ७: स्वरलिपीचं पुस्तक मिळालं तर

भातखंडे पद्धत शिकलेल्यांनी सावध. बंगालमध्ये आकारमात्रिक स्वरलिपी चालते. आपण कोमल स्वराखाली आडवी रेघ देतो, ते अक्षरच बदलतात. कोमल रे ला ऋ, कोमल ग ला ज्ञ, तीव्र म ला ह्म. आणि खरा सापळा हा की शुद्ध ध ला ध पण कोमल ध ला द, शुद्ध नी ला न पण कोमल नी ला ण. घाईत वाचलं की द-ध, न-ण ची गल्लत होते आणि गाणं दुसऱ्याच रागात जातं. वरच्या सप्तकाला अक्षरावर रफार, खालच्याला हसंत (आपली पाय मोडल्याची खूण). मात्रा काना देऊन दाखवतात, नाव त्यावरूनच. पहिल्या दिवशी एक तक्ता करून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा.

पायरी ८: गटात बसवताना

ढोलकीचा मोह आवरा. आपल्याकडे शाहिरी म्हटलं की ढोलकी-डफ-तुणतुणं आलंच, पण सलीलदांच्या कोरसमध्ये दोन-तीन स्वरपट्ट्या एकाच वेळी चालतात, एक गट धरून ठेवतो, दुसरा वरून येतो. तिथे ठेका वाढवला की सगळं सपाट. आधी सगळ्यांनी एकच चाल पक्की करा, एक महिना तरी, मग दुसरा आवाज लावा. उलट हेमांग बिश्वास यांच्या भाटियाली (नावाड्यांच्या गाण्याची) वळणाच्या गाण्यांना कोरस कमी लागतो, लांब श्वास लागतो. एकुशेच्या गाण्याला काहीच लागत नाही, चालायची लय तेवढी.

कार्यक्रमात मराठी जोड द्यायची असेल तर ओढूनताणून देऊ नका, खरी जोड आहे. इप्टाची स्थापनाच मुंबईत झाली, मे १९४३ मध्ये. बिनय रॉय यांच्याबरोबर बंगालचं पथक दुष्काळासाठी मदत गोळा करत गाणी गात देशभर हिंडलं, मुंबईतही आलं. आणि अण्णाभाऊ साठेंनी त्याच दुष्काळावर "बंगालची हाक" हा पोवाडा लिहिला. आम्ही आता कार्यक्रमाची सुरुवात त्यानेच करतो आणि मग बंगाली गाण्याकडे जातो, लोकांना रस्ता सापडतो. ढोलकीची हौसही तिथेच भागते.

प्रत्येक गाण्याआधी तीन वाक्यं बोला, तारीख, कोणाचं, कशासाठी. तीनच. आमचा निवेदक अकरा बोलतो.

पायरी ९: चाल बदलायची असेल किंवा अपलोड करायचं असेल तर

नजरुलचं "कारार ओइ लौहो कोपाट" हे तुरुंगाचे लोखंडी दरवाजे तोडा म्हणणारं गाणं, १९२१-२२ च्या असहकाराच्या काळातलं, चित्तरंजन दास तुरुंगात होते तेव्हाचं, ज्या संग्रहात ते आलं त्यावर १९२४ मध्ये ब्रिटिशांनी बंदी घातली. २०२३ मध्ये एका हिंदी सिनेमासाठी त्याला नवी चाल लावली आणि दोन्ही बंगालमध्ये इतका संताप झाला की निर्मात्यांना माफी मागावी लागली. संगीतकार ए. आर. रहमान होते, म्हणजे नाव मोठं असून उपयोग झाला नाही. तुम्ही-आम्ही कोण. चाल आधी आहे तशी शिका, गिरीन चक्रवर्तींचं १९४९ चं रेकॉर्डिंग शोधा.

कॉपीराइटचं थोडक्यात. आपल्याकडे कवी-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात. रवींद्रनाथांचे २००१ संपताना संपले, बिनधास्त गा. नजरुल १९७६ ला गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत आहेत. सलील चौधरी १९९५ ला गेले, म्हणजे अजून बरीच वर्षं. व्हिडिओ टाकलात तर क्लेम येऊ शकतो, आमच्या एका व्हिडिओचा आवाजच बंद झालाय, सात जण तोंड हलवतायत आणि काहीच ऐकू येत नाही असा तो अजून चॅनलवर आहे, भाच्यांना फार आवडतो.

आमचं स्वतःचं सांगायचं तर ढेउ उठछे दोन आवाजांत जमलं, एकुशेचं गाणं मागच्या २१ फेब्रुवारीला पहाटे सहाला सोसायटीच्या मागच्या मैदानात म्हटलं, अनवाणी, फक्त आठ माणसं होती, काकू धरून. जालाली कोइतोर अजून हातात येत नाही, तिसऱ्या ओळीला सगळ्यांचा श्वास संपतो. कुणाला युक्ती माहीत असेल तर सांगा.